उजेडातला पडदा

रविवार, १५ नोव्हेंबर २००९. बदलापूर, संध्याकाळ.

पाय दुखतायत. उगीचच गेलो, असं वाटतंय.

अंबरनाथच्या कारखान्यात बाबा धुरात कोंडले गेले, तेव्हापासून त्यांना खिडकी बंद केलेली सोसत नाही. थिएटरचा अंधार तर नाहीच. म्हणून ऑफिसातला जुना प्रोजेक्टर विकत घेतला. पण खिडकी उघडी असली की भिंतीवर नुसते पांढरट डाग दिसतात, आणि काळोख पडतो तोवर बाबा गोळ्या घेऊन झोपी गेलेले असतात.

उजेडातही चित्र स्वच्छ दाखवणारा पडदा मिळतो म्हणे. सकाळी उल्हासनगरला चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "बाहर से मंगाना पड़ेगा. सवा लाख." प्रोजेक्टर मला आठ हजारांना पडला आणि पडद्याला सवा लाख? माझा वर्षभराचा पगार झाला हा.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग खिडकी लाव. बसतो मी."

लावली. सिनेमा सुरू केला. पाच मिनिटांत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात घामाने ओला, नजर मात्र भिंतीवरच.

"उघडू का?"

"नको. तू एवढ्या हौसेने आणलंयस."

म्हणजे माझ्यासाठी बसले होते. एवढंही कळू नये मला?

उठून खिडकी उघडली. चित्र गेलं, नुसते आवाज राहिले. बाबांनी मोठा श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे रे."

शेवटपर्यंत ऐकला आम्ही.