साधं पाणी

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवते आणि आधी चांगलं सांगते, माझी नोकरी शाबूत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

धाकटी शनिवारी घरी पोहोचेल. तिला प्रयोगशाळेतून काढलं. रक्ताच्या पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या असतात, हिने साधं घातलं. पेशी आत झिरपणारं मीठ तिच्या भिंतीतल्या इवल्याशा पंपाने सतत बाहेर फेकत असते, म्हणून तर ती फुगत नाही. पण साध्या पाण्यात पंपाचं काही चालत नाही. पाणी आत घुसतं आणि पेशी टम्म फुगून फुटते. वर्षभर जमवलेले नमुने पाच मिनिटांत गेले.

आमच्याकडे मिठाच्या पाण्याला सगळे नुसतं ‘पाणी’च म्हणतात. नव्या माणसाला हे सांगावं लागतं.

ती म्हणेल, “ताईच म्हणाली, पाणी घाल.” तिचं मनावर घेऊ नकोस. साहेबांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, हिला लहानपणापासून धड ऐकायची सवय नाही. दोघींपैकी एकीला जावंच लागणार होतं गं.

दमून येईल. दारातच तिला पाणी दे. साधंच दे.

तुझी शहाणी,
थोरली