मुकादमाचा मोतीबिंदू

चि. धाकटोबास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? गेला नसला तरी गेला असंच कळव, कारण तू खोकलास की तुझे भाऊजी इकडे काढे करतात आणि ते मला प्यावे लागतात. आम्ही दोघं बरे आहोत. मुकादमाबद्दल मात्र दोन ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

परगावी नोकरीला जाताना "ताई, दोनच महिने सांभाळ" म्हणून तू हे कुत्र्याचं पिल्लू माझ्या घरातल्या शिवणाच्या दुकानात ठेवून गेलास, त्याला बारा वर्षं झाली. (तुझे महिने भलतेच लांब असतात.) तेव्हापासून तो उंबऱ्यात बसून आल्यागेल्याची झडती घेतो, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं, हे तुला ठाऊक आहेच. तर गेल्या वर्षी हा मुकादम अचानक शिष्ट झाला. भाऊजी समोरून आले तरी ओळख दाखवेना. मी म्हटलं, वय झालं, आता त्याला माणसांची पारख आली. पण एक दिवस गिऱ्हाईक बाई कोट न्यायला आल्या, तर हा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता कोट चढवलेल्या लाकडी पुतळ्यासमोर जाऊन बसला आणि त्यालाच पंजा देऊ लागला. पुतळा काही हात पुढे करेना, हाही काही उठेना. बाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, तर दोन्ही बुबुळांत दुधाची साय धरल्यासारखं पांढरं दिसलं.

शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी लगेच मध घालायला सांगितलं. (या बाईंकडे दातदुखीपासून घरातल्या भांडणापर्यंत सगळ्यावर मधच असतो.) मी मधाची बाटली घेऊनच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "डोळ्यात औषध घालतात, खाऊ नाही." मी बाटली पिशवीत लपवली. मग त्यांनी बत्ती मारून बघितलं आणि समजावलं, की म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांवर निळसर झाक येते, ती वयाची. तिने फारसं बिघडत नाही. हा मात्र मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. साखर वाढली तरी असं होतं म्हणून रक्त तपासलं. साखर निघाली नाही. (भाऊजींची निघाली. ते उगाच आपलंही तपासून आले.) पुढे डोळ्यांच्या खास डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. शस्त्रक्रियेने पुष्कळ कुत्र्यांना पुन्हा दिसतं म्हणे, पण आपल्याची नजर आतल्या पडद्यातूनच गेलेली. वरची काच बदलून काय उपयोग? मी तिथे रडले नाही. भाऊजी रडले, आणि "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणाले, तेही डोळ्यांच्या डॉक्टरसमोर! तिने त्यांनाच खुर्चीत बसवून तपासलं.

आता आमच्या घराचे कायदे ऐक. सूज येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब. डोळ्यातला दाब वाढतोय का ते बघायला दर तीन महिन्यांनी तपासणी. डोळा लाल झाला किंवा तो पंजाने चोळू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हात लावण्याआधी हाक मारायची. जिन्याच्या तोंडाशी खरखरीत पायपुसणं टाकलंय, ते पायाला लागलं की तो थांबतो. आणि मुख्य म्हणजे सामान हलवायचं नाही. मी खडूने प्रत्येक खुर्चीच्या पायांभोवती खुणा केल्या आहेत. भाऊजींनी एकदा टीव्हीसाठी आरामखुर्ची वीतभर सरकवली, मुकादम आपटला, आणि घरात जे काही झालं त्यानंतर भाऊजी तिरके बसून टीव्ही बघतात. मान अवघडते, पण खुर्ची हलवत नाहीत. महिन्याभरात मुकादम मशीन, इस्त्रीचं टेबल, पुतळा, सगळ्यांना वळसे घालत असा चालू लागला, की नवीन गिऱ्हाइकाला सांगूनही पटत नाही.

खरा पराक्रम पुढेच आहे. आपल्याकडे दोन पोस्टमन येतात, थोरले आणि लंबूशेट. थोरले खिशात बिस्कीट ठेवतात. लंबूशेटांनी एकदा याच्या शेपटीवर सायकल घातली होती. दोघांचे खाकी कोट बाह्या कमी-जास्त करायला आले आणि भाऊजींनी इस्त्री करताना नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. घडी घातल्यावर कोट हुबेहूब सारखे. तेवढ्यात दोघेही दारात हजर. मी सरळ मुकादमाला हाक मारली आणि पहिला कोट नाकाशी धरला. शेपटी अशी हलली, की टेबलावरचं दोऱ्याचं रीळ खाली पडलं. दुसरा धरला, तर पोटातून गुरगुर. लंबूशेटांचा चेहरा पडला, पण कोट घातला तर बाही मनगटावर बरोब्बर! थोरले म्हणाले, "वहिनी, डोळे असलेल्यांना कामावर ठेवून उपयोग नाही." भाऊजी तिथेच उभे होते. माझी छाती इतकी फुगली, की ब्लाउज उसवायला हवा.

असो. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

ता. क. पुढच्या महिन्यात बदली होऊन परत येतोयस आणि मुकादमाला नव्या घरी नेणार, हे तू लिहिलंस ते वाचलं. आंधळ्या जिवाला पाठ झालेल्या घरातून उचलायचं? तूच विचार कर.

ता. ता. क. लिहिलेलं खोडणार नाही, पण खोटंही बोलवत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पट्टा धरून एकेक खोली दाखवा, तीन आठवड्यांत नवं घर शिकेल." शिकेलच. हुशारच आहे तो. त्याच्याशिवाय हे घर नव्याने शिकावं लागेल ते मला, आणि माझं डोकं त्याच्याइतकं चालत नाही. तेव्हा तू रोज ये, जेवायलाच ये, पण त्याला न्यायचं तेवढं बोलू नकोस रे.