शेवटच्या बाकावरची जागा

१८ फेब्रुवारी, बुधवार
चर्चमध्ये कपाळावर राख लागली. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू. दरवर्षी मी चहातली साखर सोडते, पण ती डॉक्टरांनी आधीच सोडायला लावली आहे. यंदा अहंकार सोडायचं ठरवलं. माझ्यात फारसा नाहीच, त्यामुळे ईस्टरपर्यंत सहज आटपेल.

१९ फेब्रुवारी
सुरुवात कुठून करावी? रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बायबलचं वाचन गेली बावीस वर्षं मी करते. शाळेत सिस्टरांनी माझे उच्चार घासूनपुसून घेतले होते. ओठांपुढे मेणबत्ती धरून 'फ' म्हणायला लावायच्या. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. तो मेणाचा वास अजून नाकात आहे. ऑर्गनवाले काका दर रविवारी जिना उतरून माझ्यापाशी येतात आणि काय सुंदर वाचलंत म्हणतात. अशी गोष्ट सोडणं हीच खरी नम्रता. फादरांना सांगेन, मी या कामाला पात्र नाही. ते छे छे म्हणतील. दोनदा ऐकायचं नाही, तिसऱ्यांदा ऐकायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं. हे नवे फादर माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणाले, अगदी वेळेवर बोललात, आम्ही कोणीतरी नवीन बघतच होतो. माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.
तिसरी वेळ आलीच नाही.

२३ फेब्रुवारी
विचार करून परत विचारतील. मोबाईल जवळ ठेवला आहे. सून म्हणाली, आई, कोणाचा फोन यायचाय का? कोणाचा नाही म्हटलं.

१ मार्च, रविवार
शेवटच्या बाकावर बसले. शुभवर्तमानात येशूने सांगितलंच आहे, मेजवानीत जो शेवटी बसतो त्याला यजमान स्वतः येऊन वर बसवतो. पर्स मांडीवरच ठेवली, उठायला सोपं. कोणी आलं नाही. दारातून वारा येतो, मान आखडली. 'प्रभो, माझी योग्यता नाही' हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं वाक्य मी जरा मोठ्याने म्हटलं, पुढपर्यंत ऐकू जावं म्हणून. पुढच्या बाकावरचं एक पोर वळून बघायला लागलं.
मिस्सा संपताच निघाले. काका शोधत असतील. शोधू देत.

८ मार्च, रविवार
मिस्साआधी फादर सरळ माझ्याकडे आले. मी लगेच उठले. मागे उभ्या तरुण बाईकडे हात करून म्हणाले, बरं झालं उठलात, हिला बाळ घेऊन दाराजवळ बसायचंय.
आता मी खांबाआड उभी राहते. शेवटच्या बाकाच्याही मागे. नम्रतेत इतक्या लवकर एवढी प्रगती होईल असं वाटलं नव्हतं.

१६ मार्च, सोमवार
वाचन चर्च झाडणाऱ्या बाईला दिलं आहे! चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकली ती. बाकांखालचे मेणाचे थेंब खरवडते. आज फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, ताई, एकोणतीस तारखेला मला वाचायचंय, एकदा माझ्याकडून म्हणून घ्याल का? तुमच्यासारखं कोणाला जमतं!
मी म्हटलं, शिकवणारी मी कोण गं? मीच अपात्र.
ती बराच वेळ तिथेच उभी होती. उत्तर नम्र होतं. घरी येऊन चहा केला, प्यायले नाही.

२१ मार्च, शनिवार
कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेले. फादरांना सांगितलं, माझ्यात अहंकार उरला नाही याचं कधी कधी फार समाधान वाटतं, एवढंच काय ते पाप. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, कोणाला दुखावलंत का? आठवत नाही म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार
दुपारी प्रार्थनेला गेले. ती रिकाम्या बाकांपुढे वाचत होती. झाडू काखेत, बोट ओळीखाली. 'आज्ञाधारक'पाशी अडली. चारदा अडली. मी खांबाआडच होते. शब्द माझ्या ओठांवर होता.
सांगितला नाही. कोणाच्या एकांतात आपण का जावं?

२९ मार्च, रविवार
ख्रिस्ताने स्वतःला लीन केलं तो उतारा. बावीस वर्षं माझा. ती इस्त्रीचे कपडे घालून माईकपाशी गेली. हात पुसले, बोट ओळीखाली ठेवलं. 'आज्ञाधारक'पाशी थांबली. सगळं चर्च तिच्याबरोबर थांबलं. मग शब्द आला, हळू, एकेक अक्षर करून. एवढ्या वर्षांत या उताऱ्याला इतकी शांतता मी ऐकली नव्हती. कोणी खोकलंसुद्धा नाही. थंडी संपली आहे.

बाहेर पायऱ्यांवर तिने मला गाठलं. कपाळ घामाने भिजलेलं. म्हणाली, ताई, किती चुकले हो?
मी तोंड उघडणार एवढ्यात ऑर्गनवाले काका जिना उतरून आले. वर ऑर्गनपाशी ते आमच्याकडे पाठ करूनच बसतात, कोण वाचतंय ते त्यांना दिसत नाही. तिला ओलांडून माझ्यापाशी आले. नेहमीसारखे हात जोडले. म्हणाले, काय सुंदर वाचलंत आज.
ती माझ्याकडे बघत होती.
मी थँक यू म्हटलं. घसा जरा बसलाय, असंही सांगितलं.