पंचावन्न अंशांत अडलेला पाय

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आज मध्येच न तोडता सगळं ऐकून घे.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी किती तोऱ्यात होते, तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई मी. गुडघा बदललेल्या कितीतरी माणसांना दुसऱ्याच दिवशी दटावून उभं केलं. रडणाऱ्यांना म्हणायचे, पुरे आता, पाऊल टाका. माझी पाळी आली तेव्हा पहिले आठ दिवस वॉकर धरून खरंच चालले. नवव्या दिवशी बाथरूममध्ये पाय सरकला. पडले नाही, पण गुडघा एकदम वाकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक्स-रे काढला. काही झालं नव्हतं. धास्ती मात्र बसली ती बसलीच.

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी पायाला हात लावायची, की मी अख्खी ताठ व्हायचे. नंतर करते म्हणून सांगायचे आणि करायचे नाही. ह्यांनाही थापा मारायचे. पाचव्या आठवड्यात गुडघा किती वाकतो, तो कोन तिने मोजला. पंचावन्न अंश. तोवर नव्वदच्या पुढे जायला हवा होता. आवाज न चढवता म्हणाली, "मावशी, सांधा बरा झालाय. तुम्ही त्याला वाकू देत नाही आहात." राग आला. पण हेच मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले होते, आणि ते इतकं बोचतं हे मला आत्ता कळत होतं.

दोनच दिवसांनी दुपारी आवाजाने जाग आली. ह्यांनी सुताराला बोलावलं होतं. चाकांची खुर्ची आत जावी म्हणून बाथरूमचं दार रुंद करायचं होतं. हे टेप धरून उभे, सुतार भिंतीवर पेन्सिलीने खुणा करतोय. हे हळूच त्याला सांगत होते, की आता ती काही चालायची नाही, सोय आपणच करायला हवी. चिडून नाही गं, मायेने. तेच मला सोसलं नाही. उठले. टाच आधी, मग तळवा, प्रत्येक पावलाला गुडघा वाकवून. सोळा पावलं. पाठ घामाने भिजली. सुताराला म्हटलं, "दार आहे तेवढंच राहू दे. मी उभी जाणार आहे." मग खुर्चीत बसले. ह्यांनी टेप गुंडाळली आणि माझ्या पायाखाली स्टूल सरकवलं.

त्या दिवसापासून दिवसातून तीनदा व्यायाम. बोंब मारत, शिव्या देत, पण रोज. काल एकशे आठ अंश भरले. भीती अजून आहे. सकाळी माझ्याआधी तीच जागी होते. फक्त मी आता तिची परवानगी मागत नाही.

यातलं तुला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, त्या पाचव्या आठवड्यात, हुंदके देत, की ताई, तू हे करून घेऊ नकोस. आणि तू तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केलीस. तुझी लेक सांगत होती, तू हल्ली जिनाही उतरत नाहीस. हे माझ्यामुळे झालंय आणि निस्तरणारही मीच. तुझ्या डॉक्टरांकडून नवी तारीख घेतली आहे, पुढच्या महिन्याची बारा. तुला न विचारता. रागवायचं तेवढं रागव. दहा तारखेला मी तुझे दोन्ही जिने चढून येतेय. ऑपरेशननंतर तू घाबरशील. घाबर. मी पलंगाशी उभी असेन, आणि तू उठेपर्यंत खाली बसणार नाही.

तुझीच,
हट्टाला पेटलेली धाकटी