फ्यूज मंगलाजवळ आहे

प्रिय आई,

"तुझी आई विजेवर कधीच विश्वास ठेवत नाही, पण माणसांवर ठेवते, तेही न तपासता." बाबा दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये जेवताना एकदा म्हणाले होते. तू हसून त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीस. माझं मात्र नेमकं उलटं झालंय गं. बटण दाबलं की दिवा लागतो, एवढ्यावर माझं भागतं. माणसांचाच भरवसा वाटत नाही.

काल तुझी गंधमुक्ती झाली, दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले. उद्या दादा दोंडाईचाहून वायरमन आणणार आहे. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, म्हणून ओट्यावर बसून लिहितेय.

घरात लाइट नाही. तू गेलीस तेव्हापासून नाही! आम्ही नाशिकहून पोचलो तेव्हा गल्लीत दिवे लागलेले आणि तुझ्याच घरात अंधार. मीटरखालची पांढऱ्या फ्यूजची जागा रिकामी. शेजारच्या नानांकडून वायर ओढून एक बल्ब लावला, त्या उजेडात तुला शेवटचं पाहिलं.

बाबांमागे तू या गावात येऊन राहिलीस, ओसरीत बायकांना जमवून मिक्सर, इस्त्री, मोटरीचा स्टार्टर दुरुस्त करायला शिकवू लागलीस. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देतही नव्हतं. फोनवर कौतुकाने म्हणायचीस, "माझ्या पोरी आता स्वतः बोर्ड बसवतात." माझ्या पोरी! ते ऐकून मला काय वाटायचं, कधी विचारलंस का?

तुला 'अक्का' म्हणणाऱ्या त्या पोरी रोज आल्या. आमच्यासाठी भाकरी आणल्या, भांडी घासली. पण मी ओसरीत गेले की बोलणं बंद. तुझी पक्कड-टेस्टरची पिशवी खुंटीवर नव्हती. विचारलं, तर "कोनती पिशवी, ताई?" फ्यूजचं विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तर चेष्टाच केली, "तुमना नाशिकमा लाइट जात नही का? राहा थोडं अंधारामा!"

दादाने मला बाजूला घेतलं. "शॉक तर नसेल लागला आईला? या बायकांच्या हातून? फ्यूज उगाच कोण लपवतं?"

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं होतं. तरी तेव्हापासून मी एकेकीचे हात निरखत होते. तुझ्या बोटांवर भाजल्याची खूण होती का, ते आठवत होते. आपल्या मुलीला असलं काही आठवायला लावतात का गं?

काल पंगती उठल्यावर त्यांच्यातली मंगला मागच्या दारी पातेली विसळत होती. शेवटी तुझ्याजवळ तीच होती. मी सरळ विचारलं. तिने हात पुसले, पदराची गाठ सोडली. आत फ्यूज!

"मनाजोडे शे, ताई. मीच काढेल शे."

"मग लपवून का ठेवलास?"

"लपाडा नही. अक्का 'लाव' म्हनस, तवयच फ्यूज लागस. बठ्ठा जोड देखाशिवाय ती म्हनतच नही. अजून कुठे म्हननी?"

सगळे जोड पाहून तू 'लाव' म्हणालीच नव्हतीस, म्हणून. मग तिने पुढचं सांगितलं. स्वयंपाकघरातला नवा बोर्ड ती बसवत होती. हात घालण्याआधी फ्यूज काढून पदराला बांधायचा, म्हणजे दुसरं कोणी लाइट चालू करू शकत नाही, हा तुझाच नियम. काम झालं. जोड तपासायला तू उठलीस, "थांब, जरा बसते" म्हणालीस आणि खाटेवर टेकलीस. तेवढंच.

पिशवीही तिच्याच घरी निघाली. आम्ही सगळं भंगारात देऊ, घराला कुलूप ठोकू, अशी त्यांना शंका. म्हणून सगळ्या गप्प!

मी म्हटलं, "आता अक्का नाही. मी तिची मुलगी सांगते, लाव."

ती गाठ पुन्हा बांधत म्हणाली, "तुमले काय माहीत, जोड बराबर शे का नही?"

आई, मला अजून पुरती खात्री नाही. फ्यूज कामाआधी निघाला की तू कोसळल्यावर, हे या घरात दोघींनाच ठाऊक, आणि त्यातली एक तू. तुझं शेवटचं सांगताना मंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तेही मला खटकतं. आणि तुझं काय? तिला स्टार्टर उघडायला शिकवलंस, मला साधा प्लगही कधी उघडू दिला नाहीस. माझा भरवसा नव्हता, की माझ्या जिवाची भीती वाटायची?

तरी एक वचन देते. उद्या वायरमनला मी दारातूनच परत पाठवीन. तो मंगलाचा बोर्ड उचकटून स्वतःचा बसवेल, आणि दादाचा संशय गावाला खराच वाटेल. मग कोणत्या घरची माणसं आपल्या बाईच्या हातात पक्कड देतील? मंगला स्वतः फ्यूज लावेपर्यंत मी अंधारात राहीन. दादा भांडला तरी राहीन.

तू फक्त एवढं कर. मंगला आता यायचीच आहे. तिच्या कानाशी एकदाच म्हण, "लाव." तू म्हणणार नाहीस, कळतंय मला. तू जोड पाहिलेच नाहीस, मग कशी म्हणशील? पण आई, एकदा, न तपासता...

तुझीच,
वंदना