चौथ्या मजल्यावरच्या सुविधा

१५ जून २००९, सोमवार

टाळ्या वाजवून हात लाल झाले! हणमंतराव सरांनी (आमच्या क्लासचे मालक) आज सगळ्या स्टाफला खालच्या हॉलमध्ये बोलावलं. 'पोरांसाठी सगळं केलं, आता तुमच्यासाठी.' मग एकेक सुविधा वाचून दाखवली. चौथ्या मजल्यावर नवी स्टाफ रूम, सोफा, चहा-कॉफीचं मशीन. शिकवणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल. सगळ्यांना निळा कोट. मेसात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीबाईंना वरच राहायला खोली, पलंग, पंखा. सगळं फुकट! फोटो निघाले. अख्ख्या लातुरात कोणत्याच क्लासात असं नाही म्हणे.

मे महिन्यात नांदेडच्या एका क्लासनं आमचे दोन शिक्षक पळवले, त्यानंतर सुचलं हे. असो. सुचलं तर खरं.

कोण काय वापरतं त्याचा रिपोर्ट मी द्यायचा. ऑफिसात मी एकटीच, दुसरं कोण करणार!

१८ जून, गुरुवार

मशीनवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही.

२४ जून, बुधवार

आजही स्टाफ रूममध्ये कोणी नाही. दोन लेक्चरांमध्ये दहा मिनिटं मिळतात. चार मजले चढायचे कधी, बसायचं कधी? सगळे आपले गेटबाहेर टपरीवर. तिथं उभ्याउभ्या का होईना, पण क्लासच्या बाहेर.

फिजिक्सच्या राघवेंद्र सरांना विचारलं, मोबाईल चांगला आहे का? हसले. 'मोबाईल नाही हा, पंचशीला, गळ्यात बांधलेली घंटा आहे.' जेवताना पालकांचे फोन, आंघोळीला गेलं की सरांचा फोन. त्यांची मुलगी त्या फोनला 'हणमंत' म्हणते!

श्रद्धा मॅडम बॉटनी शिकवतात. सकाळी सात ते दोन पाणीच पीत नाहीत, हे आज कळलं. खालचं लेडीज टॉयलेट जुन्या बोर्डांनी भरून कुलूपबंद, आणि दुसरं थेट चौथ्या मजल्यावर, तिथं जायला वेळ नाही. 'सवय झाली गं,' म्हणाल्या. दोनदा दवाखाना झालाय.

मी पण पीत नाही. चार वर्षं झाली. मला त्यात कधी काही वावगं वाटलंच नव्हतं!

२९ जून, सोमवार

सर भडकले. 'फुकट खोली दिली तरी ती बाई गेटजवळ पत्र्याखाली खाट टाकून झोपते! पालक बघतात. माझी इज्जत जाते. विचार तिला, काय कमी पडलं.'

दुपारी मेसमध्ये गेले. पार्वतीबाई मेथी निवडत होत्या. मीही एक जुडी ओढली.

'खोली आवडली नाही का मावशी?'

'लई चांगली हाय की. देवळावानी हाय.'

'मग?'

हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, 'आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात माळवद आलं अंगावर. सून गेली, दोन नातवंडं गेली. मी तेवढी उरले. सरकारनं शिमिटाचं घर दिलं, लई चांगलं. मी अंगणात निजायची. वर जड काई आलं की डोळ्याला डोळा लागत न्हाई बघ. पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई.'

'सरांना का नाही सांगितलं?'

'इचारलं कोन?'

मी तेव्हा अकरा वर्षांची. आमच्या अहमदपूरला भांडी पडली, बाबांनी मला पोत्यासारखं उचलून बाहेर आणलं, एवढंच. आमचं काही गेलं नाही. मेथी संपेपर्यंत बसून राहिले.

सरांना कळवलं. 'सोळा वर्षं झाली आता त्याला,' म्हणाले, आणि फोन घेतला.

३ जुलै, शुक्रवार

ठरवलं. कोण काय वापरतं ते नाही लिहायचं. कोणाला काय पाहिजे ते लिहायचं. प्रत्येकाला विचारायचं, एकालाही सोडायचं नाही.

'तुला कोणी सांगितलं हे?' तिघांनी विचारलं. कोणी नाही! मीच!

गेटवरचे शंकरप्पा निलंग्याच्या पलीकडचे, बायको-पोरं गावाकडंच. 'सुट्टी हाय की मॅडम. पण कुठल्या दिशी ते त्याच दिशी सकाळी कळतंय. गावाकडची गाडी सहाला गेलेली असतीय. एन माडोदु?' काय करायचं, असं ते त्यांच्या कानडीत म्हणतात. आठवड्याची सुट्टी आदल्या शनिवारी कळावी, एवढंच पाहिजे त्यांना. कोट नको. कोटात उकडतं.

राघवेंद्र सरांना संध्याकाळी सातनंतर फोन बंद ठेवायची मुभा हवी. श्रद्धा मॅडमना खालच्या टॉयलेटची किल्ली. पार्वतीबाईंना तीच जागा, पण तीन बाजूंनी आडोसा आणि आतून कडी.

सर नेहमी म्हणतात, विचारायला गेलं तर बंगला मागतील. एकानंही बंगला मागितला नाही.

शेवटी माझं नाव. बराच वेळ कोरं ठेवलं. लाज कसली वाटावी? मग लिहिलं: रविवार. नांदेडला ग्रंथालयाचा कोर्स आहे, वर्ग फक्त रविवारी. दोन वर्षं फॉर्म आणून कपाटात ठेवते आहे. रविवारी आमच्याकडे टेस्ट असते म्हणून.

११ जुलै, शनिवार

दिला कागद. सरांनी उभ्यानंच वाचला.

'हे काय? मी सोफा दिला, लोक किल्ली मागून राहिले?'

'हो सर.'

'तुला रिपोर्ट सांगितला होता.'

'हाच रिपोर्ट आहे सर.' बोलले एकदाची! 'सोफा तुम्हाला आवडला म्हणून आणला. त्यांना काय पाहिजे ते कोणी विचारलंच नाही. पार्वतीबाईंना बोलावू का? त्यांच्याच तोंडून ऐका.'

बोलावलं. बाई उंबऱ्याजवळच थांबल्या. मला सांगितलं तेच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. सर आधी खिडकीतून बाहेर बघत होते. नातवंडांचं आलं तेव्हा वळले आणि खुर्चीत बसले.

'पत्र्याचीच पाहिजे?'

'हाव.'

मला म्हणाले, 'कागद ठेव इथं.'

२० जुलै, सोमवार

झालं! खरंच झालं! टॉयलेटातले बोर्ड निघाले. किल्ली खिळ्याला टांगलेली, कोणालाही मागायची गरज नाही. श्रद्धा मॅडमच्या टेबलावर पाण्याची बाटली. शंकरप्पांना शनिवारीच सुट्टी कळली, काल गावाकडं जाऊन आले. येताना मला भुईमुगाच्या शेंगा. राघवेंद्र सरांचा फोन आता सातनंतर बंद; नांदेडच्या क्लासनं त्यांनाही बोलावलं होतं, त्यांना 'नाही' कळवलं म्हणाले. आणि पार्वतीबाईंची खोली — हलका पत्रा, प्लायवूडच्या भिंती, आतून कडी. मला आत बसवून कडी लावून दाखवली. उघडली. परत लावली.

या सगळ्याला सरांचा सोफ्याएवढाही खर्च आला नसेल.

माझं तेवढं राहिलं. 'रविवारी टेस्ट असते, ऑफिस कोण बघणार? तू घरचीच आहेस, समजून घे.'

घरची! घरच्यांना कोणी विचारत नाही, कागद देताना हेच तर मी सांगितलं होतं.

३० जुलै, गुरुवार

कपाटातला फॉर्म काढला, भरला, नांदेडच्या एसटीनं पाठवला; फोनवर म्हणाले, रविवारपासून या. रविवारच्या रजेचा अर्जही दिला. टेस्टचे नंबर, पाकिटं, बैठक, सगळं शनिवारीच लावून ठेवणार. श्रद्धा मॅडम म्हणाल्या, 'टेबलावर मी बसते, तू जा.' सरांना तसं लिहून कळवलं. उत्तर नाही.

उत्तर नाही आलं तरी जाणार.

२ ऑगस्ट, रविवार

नांदेड! पहिल्या एसटीनं. वर्गात एकवीस जण, पाठीमागच्या बाकावर लोह्याचे एक पंचेचाळीस वर्षांचे शिपाईकाका. दिवसभर नवी वही, नवे शब्द. पुस्तकांना नंबर कसे देतात ते शिकवलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला शिकवत होतं आणि मी लिहून घेत होते. येताना अहमदपूर मागे गेलं तरी झोप लागली नाही. डोक्यात सगळं नवंनवं.

३ ऑगस्ट, सोमवार

काढलं कामावरून.

टेस्ट नीट पार पडली होती. एकही घोळ नाही, श्रद्धा मॅडमनी सांगितलं. सरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. 'मी नाही म्हटलं होतं. तरी गेलीस.' बस्स, एवढंच. अर्जावर त्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, उत्तरच दिलं नव्हतं. तसं मी सांगितलं. मग मीच माझा ड्रॉवर रिकामा केला.

रडले थोडी. पण पुढच्या रविवारचं तिकीट काढून आले.

४ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी दार वाजलं. पार्वतीबाई! काखेत गाठोडं, मागं शंकरप्पा, हातात बाईंची खाट.

'मावशी, खोली?'

'खोली लई चांगली हाय. पर इचारनारीलाच हाकललं, मग उद्या खोलीचं काय खरं हाय?'

मेस बंद. साडेतीनशे पोरं उपाशी. राघवेंद्र सर वर्गात गेलेच नाहीत.

फोन वाजतोय. सरांचा. चौथ्यांदा. उचलीन. आधी बाईंना जेवायला वाढते.