आईच्या नावाचं कलादालन

१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद पुढ्यात ओढलाय. वहिनीच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन असेल तर आधी कळव, मी रजा टाकून येईन. माझं बरं चाललंय. विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर आल्यात आणि सर्दी काही जायचं नाव घेत नाही.

उद्घाटनाचे फोटो मिळाले असतील. डीनसाहेबांनी खास अल्बम करून पाठवलाय म्हणे. तुझ्या भाषणाची इथे अजून चर्चा आहे. 'आमच्या घरात कलेला पहिल्यापासून मान होता' हे तू म्हणालास तेव्हा माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, 'नशीबवान हो तुम्ही!' मी हसले. दुसरं काय करणार?

हे बघ, तुझ्या देणगीची मला किंमत नाही असं समजू नकोस. विद्यापीठानं आमचा चित्रकला विभाग बंद करायचंच ठरवलं होतं. तू उभा राहिला नसतास तर यंदा दाराला कुलूप लागलं असतं. नवी इमारत छान झालीय. उजेड भरपूर, भिंती पांढऱ्याशुभ्र. दारावर मोठ्या अक्षरांत आईचं नाव, खाली जरा लहान अक्षरांत तुझं. लहान म्हणजे, रस्त्यावरून वाचता येईल इतकं लहान.

पण तुझ्या आधीही या विभागाला कोणीतरी जगवत होतं. आमचा रविवारचा वर्ग तुला आठवत नसेल. आठवायला तू कधी आलाच नाहीस. गावातलं कोणीही यावं, बसावं, चित्र काढावं. निवृत्त नर्स यायची, बस कंडक्टर यायचा, बाजारात जातो सांगून घराबाहेर पडणाऱ्या दोघी जावा यायच्या. बेकरीवाला पुठ्ठ्याची खोकी द्यायचा, कंडक्टरनं मोडकी बाकं ठोकून दिली, रंगाच्या दुकानदारानं उघडलेले डबे कधी परत मागितले नाहीत. ज्याला जे जमेल ते तो द्यायचा आणि फलक कोणीच मागायचा नाही.

बाबा गेल्यावर आईही येऊ लागली. मागच्या बाकावर बसायची, मला सगळ्यांसारखी 'मॅडम' म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तो वर्ग आता बंद झालाय. नव्या फरशीवर रंगाचे डाग पडतात, अशी नोटीस लागली. डीनसाहेब म्हणाले, 'दात्यांनी एवढं केलंय, आपणही वास्तूचा मान ठेवायला नको का?' नर्सबाई दाराशी नोटीस वाचून परत गेल्या. मी खिडकीतून बघत होते. खाली उतरले नाही.

हे सगळं मी का लांबवतेय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. मला त्या तीन चित्रांबद्दल लिहायचंय.

देणगी जाहीर केलीस त्या बैठकीत तू सगळ्यांदेखत म्हणालास, 'आईची चित्रं या दालनात लागतील. आमची छोटी ती देईल.' मला वाटलं, तू चेष्टा करतोयस. मग तुझ्याकडे बघितलं. तू मनापासून बोलत होतास. दादा, तू खरंच विसरलास?

आई गेल्यावर घर रिकामं करायला तू आलास. मी पोचेपर्यंत खोल्या झाडून झाल्या होत्या. मी विचारलं, 'आईची चित्रं कुठेत?' तू हात झटकत म्हणालास, 'ते पुठ्ठे? रद्दीवाल्याला दिले. केवढा पसारा करून ठेवला होता गं तिनं!' मी त्याच पावली रद्दीवाल्याकडे गेले होते. माल पुढे गेला होता. तुला हे कधी सांगितलं नाही. तू दमला होतास, रडलाही होतास, आणि मला भांडण नको होतं.

त्या बैठकीनंतर मी डीनसाहेबांना स्पष्ट सांगितलं, 'चित्रं नाहीत. एकही नाही.' ते म्हणाले, 'बघतो काहीतरी.' मला वाटलं, तुझ्याशी बोलतील. उद्घाटनाच्या सकाळी दालनात शिरले तर समोरच्या भिंतीवर तीन चित्रं. सोनेरी चौकटी. खाली पितळी पट्टीवर आईचं नाव. एकात अंगणातल्या कुंड्या, एकात उन्हात वाळत घातलेले कपडे, आणि मधल्यात आई, मांडीवर लहान मुलगा घेऊन.

ती आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं काढलीत. वर्गात तिला सगळे बारकी म्हणतात. हात इतका तयार आहे की मी तिला काय शिकवते, हा प्रश्नच पडतो. तुझ्याच देणगीतल्या शिष्यवृत्तीवर शिकते. डीनसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, 'एका साध्या गृहिणीनं काढल्यासारखी काढ. फार चांगली नकोत.' आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही लागणारच असेल ना, हेही विचारलं. दाराशी स्वागताला उभ्या मुलींत तुला फुलं देणारी, तीच ती. तू तिला 'खूप शिक हं बेटा' म्हणालास.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पाहुणे आले, माईक सुरू झाला, आणि नंतर तू त्या मधल्या चित्रासमोर जाऊन उभा राहिलास. डोळे पुसलेस. माझा हात धरून म्हणालास, 'छोटे, हा मी गं. मीच आहे हा. तिनं मला काढलंय. आठवतंय तुला?'

मी 'हो' म्हणाले.

सगळे टाळ्या वाजवत होते. बारकी तुझ्यामागे उभी होती आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी मान वर होईना.

दादा, आईनं तुला कधीच काढलं नाही. मलाही नाही. तिनं कुंड्या काढल्या नाहीत, मांडीवरचं मूल काढलं नाही. ती एकच चित्र काढायची. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. ओल आलेली, गंजक्या पाइपाची, भिंतच भिंत. कधी दुपारची, कधी दिवे लागल्यावरची. आकाश एकाही चित्रात नाही, कारण त्या खिडकीतून ते दिसायचंच नाही. एकदा मी म्हटलं, 'आई, काहीतरी दुसरं काढ की.' ती म्हणाली, 'दुसरं कुठे बघितलंय मी?'

घरात कलेला मान होता, म्हणालास. बाबांनी तिला पुठ्ठ्यांवर भाजी निवडायला लावली असती, ती बाबा असताना काही काढतच नव्हती म्हणून वाचली. आणि तू सुट्टीला आलास की ती सगळं पलंगाखाली सरकवायची. 'त्याला पसारा आवडत नाही' म्हणायची. तुझ्या आवडीनिवडी तिला पाठ होत्या.

उद्घाटनानंतर मी बारकीला घरी बोलावलं. म्हटलं, 'पट्टीवर तुझं नाव लावायला लावते. भांडेन त्यासाठी.' ती म्हणाली, 'मॅडम, माझं नाव नको. माझी चित्रं अशी नसतात. तुम्ही ती उतरवा फक्त.' मी विचारलं, 'शिष्यवृत्ती गेली तर?' म्हणाली, 'बघीन. पण येताजाता ती समोर दिसली तर मला इथे शिकता येणार नाही.'

काल भर दुपारी आम्ही दोघींनी ती उतरवली. मी शिडीवर, ती खाली. डीनसाहेब धावत आले. 'दात्यांना काय सांगू मी?' 'मी सांगते,' म्हटलं. 'उरलेली देणगी थांबली तर विभाग पुन्हा धोक्यात येईल, कळतंय का तुम्हाला?' कळतंय. ते माझ्यावर कारवाई करणार आहेत. करू देत. त्यांचं पत्र तुला येईलच, त्यात मी वेडी ठरले असेन. माझं आधी पोचावं म्हणून ही घाई.

देणगी थांबवायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी विनवणी करणार नाही. फक्त तुला राग आला तर तो माझ्यावर काढ. त्या मुलीची शिष्यवृत्ती काढून घेतलीस तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. हे मी शांत डोक्यानं लिहितेय.

आणखी एक. कागद संपत आलाय, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चित्रं उतरल्याचं गावभर झालं. आज सकाळी नर्सबाई घरी आल्या. पिशवीतून पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. आईची भिंत. संध्याकाळची, पाइपावर जराशी पिवळी तिरीप पडलेली. आईनंच त्यांना दिली होती, त्या आजारी असताना. मी किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. मी म्हटलं, 'दालनात लावू या?' त्या म्हणाल्या, 'नको. मला दिलीय तिनं. तुम्हाला बघायला आणली फक्त.' चहा घेतला, पुठ्ठा पिशवीत घातला आणि गेल्या.

तर एक चित्र शिल्लक आहे, दादा. एका परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. तिचा पत्ता मी तुला देणार नाही. तू ते विकत घेशील.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याचं कळव.

तुझ्या हातात हात असताना 'हो' म्हणालेली,
छोटी